नेमाडे बोलले की आपण पुस्तक का मिटतो?

सांजवारा

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. आमचा एक छोटा वाचन गट आहे, महिन्यातून एकदा भेटतो, मागच्या खेपेला विषय होता भालचंद्र नेमाडे. चौदा जण होतो. पावणेदोन तास चर्चा झाली, आवाज चढले, एक काका चहा न घेताच उठून गेले, आणि एवढ्या वेळात कुणीही, म्हणजे अक्षरशः कुणीही, त्यांच्या कुठल्याही कादंबरीतलं एक वाक्य वाचून दाखवलं नाही. माझ्या पिशवीत त्यांची कोसला होती. मी पण बाहेर काढली नाही, कारण गाडी तिकडे वळलीच नाही. साहित्य संमेलन म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, इंग्रजी माध्यमाच्या शाळा बंद करा, कथा हा हलका प्रकार, या त्यांच्या विधानांवरच सगळे अडकले, आणि मग रश्दी आलेच.

ते प्रकरण बहुतेकांना आठवत असेल. २०१५ च्या फेब्रुवारीत ज्ञानपीठ जाहीर झालं, त्याच सुमारास नेमाड्यांनी इंग्रजीत लिहिणाऱ्या रश्दी आणि नायपॉल यांच्यावर टीका केली, त्यावर रश्दींनी ट्विटरवर म्हाताऱ्याला शिवी घातली, गुमान पुरस्कार घ्या आणि नीट थँक्यू म्हणा, ज्यांच्यावर बोलताय त्यांचं तुम्ही वाचलं तरी आहे का मला शंकाच आहे, अशा अर्थाचं. आपल्याकडे आठवडाभर त्या शिवीवर चर्चा झाली. मला मात्र त्यातला 'वाचलं तरी आहे का' हा प्रश्न अजून टोचतो, कारण तो नेमाड्यांना विचारायच्या आधी आपण आपल्याला विचारायला हवा. त्यांच्यावर भांडणारे आणि त्यांच्यासाठी भांडणारे, दोघांनाही.

दुसरी गोष्ट सांगते. आमच्या लायब्ररीत नेमाड्यांच्या 'हिंदू' कादंबरीची एक प्रत आहे. २०१० सालची, सहाशे पानांची. पहिली साठेक पानं पार मळलेली, कोपरे दुमडलेले, पेन्सिलच्या रेघा, एका ठिकाणी समासात कुणीतरी 'निषेध' लिहिलंय आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'पुढे वाच' लिहिलंय. आणि त्यानंतरची साडेपाचशे पानं कोरी करकरीत, काही तर एकमेकांना चिकटलेली, मी नखाने सोडवली. म्हणजे निषेध करणारा पुढे गेला नाही आणि 'पुढे वाच' म्हणणारा तरी गेला की नाही देव जाणे.

माझं म्हणणं एवढंच आहे की मराठीत फटकळ लेखकाला आपण त्याच्या विधानांवरून वाचतो. समीक्षकही त्यात आले. १९६३ साली पंचवीस वर्षांच्या एका मुलाची पहिलीच कादंबरी, कोसला, देशमुख आणि कंपनीने काढली, तेव्हा लोकांपुढे ना मुलाखती होत्या ना भूमिका, फक्त ती भाषा होती. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' वाक्यात भलत्याच जागी येऊन बसायचे आणि वाक्य खरं होऊन जायचं. कुणाला आवडली, कुणाला ती आकार नसलेली वाटली, कुणी अमेरिकन कादंबरीकार सॅलिंजरशी जोडली, पण बोलायचं तर पुस्तकावरच बोलावं लागत होतं. आज ती सोय राहिली नाही असं मला वाटतं. तुमचा अनुभव काय?

---

कडूलिंब

धागा चांगला आहे पण तुम्ही सगळं खापर वाचकांवर फोडताय, ते पटत नाही. विधानं करायला लेखकाला कुणी सांगितलं होतं? आणि नेमाडे निव्वळ कादंबरीकार नाहीत. साहित्य अकादमी त्यांना १९९० साली मिळालं ते टीकास्वयंवरला, म्हणजे समीक्षेला, कादंबरीला नाही. ज्याने स्वतः समीक्षेची पट्टी घेऊन सगळ्यांना मोजलं त्याला लोक त्याच पट्टीने मोजणार. मराठी कादंबरीचे तीन रस्ते त्यांनी आखून दिले, यमुनापर्यटनचा, मुक्तामालाचा आणि मोचनगडचा (तिन्ही एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या), आणि त्यातला पहिला खरा, बाकी दोन रंजनाचे नि इतिहासात रमण्याचे. विचार म्हणून जबरदस्त आहे, मी मानतो. पण त्याचं वर्गात काय झालं ते सांगतो.

मी एमए करत होतो तेव्हा आमचे एक सर कट्टर नेमाडेपंथी. वर्षभर आम्ही कुठल्या लेखकाला का वाचायचं नाही हेच शिकलो. कथा हा क्षुद्र प्रकार असं एकदा डोक्यात बसल्यावर मी कथाकार जी. ए. कुलकर्ण्यांना हातच लावला नाही, परीक्षेपुरत्या नोट्स, बस. त्यांचं काजळमाया वाचलं ते छत्तिसाव्या वर्षी, मुलीच्या ॲडमिशनसाठी एका गावात रात्र काढायची होती म्हणून. 'विदूषक' संपवून मी लॉजच्या गॅलरीत कितीतरी वेळ उभा होतो. राग आला होता. पंधरा वर्षं माझी कुणी घालवली? सरांनी? नेमाड्यांनी? की मीच? त्या पंधरा वर्षांचं काय करायचं सांगा.

---

सांजवारा

@कडूलिंब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खापर वाचकांवर फोडायचं नव्हतं पण तसं वाचलं जातंय हे मान्य. आणि तुमचा अनुभव माझ्या म्हणण्याच्या उलट नाहीये, तो त्याच्या पुढचा आहे. विधान पुस्तकाच्या आड येतं हे फक्त नेमाड्यांच्या पुस्तकांचं होत नाही, नेमाड्यांच्या विधानांमुळे दुसऱ्यांच्या पुस्तकांचंही झालं. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

---

केळीबाग

मी तिकडचाच, नेमाड्यांच्या यावल तालुक्यातला. त्यामुळे थोडं वेगळं सांगतो.

आमचे वडील जळगावला कॉलेजात होते तेव्हा त्यांनी कोसला विकत घेतली, ती प्रत अजून आहे, कव्हर गेलंय. आजी सांगायची की त्या वर्षी ह्याची पत्रं घरी यायची ती वाचता येईनात. 'प्रकृती वगैरे ठीक. पैसे उदाहरणार्थ संपले.' आजोबा तलाठ्याकडून पत्र वाचून घ्यायचे, त्यांनी विचारलं म्हणे, हा वगैरे कोण, ह्याच्या खोलीत राहतो का? घरात अजून ही गोष्ट सांगतात. पण वडील हसत नाहीत. ते म्हणतात, पुण्यामुंबईच्या पुस्तकांमध्ये आमच्यासारखा पोरगा आला तरी तो नोकर नाहीतर विनोदी पात्र म्हणून यायचा, आणि इथे गावाकडून पुण्याला शिकायला गेलेला, नापास होऊन परत आलेला पोरगा 'मी' म्हणून उभा होता. अख्खी कादंबरी त्याचीच. समीक्षकांनी तिला काय म्हटलं हे वडिलांना आजही माहीत नाही, त्यांना त्याची गरजही पडली नाही.

हिंदू आली तेव्हा ते रिटायर झालेले होते. चार महिने लावून वाचली. आमच्या लेवा बोलीतले शब्द आले की मोठ्याने वाचायचे, आईला हाक मारून सांगायचे, हे बघ, हे तुझी आई बोलायची. नायक खंडेराव मोहेंजोदडोच्या खोदकामावर असतो आणि बापाच्या बातमीने गावाकडे निघतो, तिथे ते दोन दिवस थांबले, पुढे गेलेच नाहीत. का ते मी विचारलं नाही. आजोबा गेले तेव्हा वडील गावात नव्हते.

तर टीव्हीवर जी भांडणं चालली होती ती आमच्या घरापर्यंत पोचलीच नाहीत. सांजवारा ताई, तुमच्या लायब्ररीतल्या प्रतीवरून सगळ्या महाराष्ट्राचा अंदाज बांधू नका एवढंच म्हणेन.

---

अबोलीचं झाड

केळीबाग, किती सुंदर लिहिलंय. तरीही मला एक बोलायचंय आणि ते इथे बोललं नाही तर झोप लागणार नाही.

ज्या 'मी'ने तुमच्या वडिलांना जागा दिली त्या 'मी'मध्ये मला जागा सापडत नाही. मी कोसला तीनदा वाचली. मनीचं मरण वाचून तिन्ही वेळा रडले, देवी येऊन लहान बहीण जाते आणि हा पांडुरंग, कादंबरीतला 'मी', तिच्याबरोबर तिच्या पोटची पुढची सगळी वंशावळच गेली असा विचार करत बसतो, मराठीत दुःख असं कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. पण लक्षात घ्या, त्या दुःखातसुद्धा मनी म्हणजे पुढे होणारी आई. ती मोठी होऊन काय झाली असती, पुण्याला शिकायला गेली असती का, नापास होऊन परत येण्याचं स्वातंत्र्य तिला मिळालं असतं का, हे पांडुरंगाच्या मनात येत नाही. कदाचित लेखकाला तेच दाखवायचं असेल. मी वीस वर्षं ठरवू शकलेले नाही.

आणि फटकळपणाचं म्हणाल तर तो परवडतो कुणाला? १९३३ साली कळ्यांचे निःश्वास हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं एवढंच लिहिलं होतं बाईंनी, आणि तेही विभावरी शिरूरकर या खोट्या नावाने. केवढा गदारोळ. लोकांना पुस्तकात काय आहे यापेक्षा ही बाई कोण, लग्न झालंय का, की पुरुषच लिहितोय बाईच्या नावाने, याचीच उत्सुकता. मालतीबाई बेडेकरांना नाव लपवावं लागलं कारण नाव कळलं असतं तर पुस्तक वाचलंच गेलं नसतं, बाईच वाचली गेली असती. सांजवारा, तुमचा जो मुद्दा आहे ना लेखकाला वाचून पुस्तक मिटायचा, तो नेमाड्यांच्या जन्माआधीचा आहे. पुरुष लेखकाच्या बाबतीत त्याची विधानं आड येतात, बाईच्या बाबतीत ती स्वतःच.

---

जुने अंक

अबोलीताईंना पूर्ण अनुमोदन, आणि त्याला जोडून.

मला दिवाळी अंक जमवायचा नाद आहे त्यामुळे हे प्रकरण जवळून बघितलंय. १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची श्यामा आली. अश्लील म्हणून पुण्यात एका वाचकाने तक्रार केली, खटला चालला, वर जात जात सुप्रीम कोर्टात गेला आणि १९६९ साली काकोडकर सुटले. सात वर्षं! मी तो निकाल वाचलाय. मला त्यात काय भावलं सांगू, न्यायाधीशांनी कथा नीट सांगितलीय. कवी नायक, त्याच्या आयुष्यात आलेल्या तिघीजणी, कोण कशी, कुठल्या पानावर आक्षेप आहे, ते वाक्य कशाच्या संदर्भात येतं. कथा साहित्य म्हणून थोर आहे असं काही ते म्हणत नाहीत, पण वाचलीय. काकोडकरांवर मराठी समीक्षेत असं कुणी शांतपणे बसून लिहिलेलं मला अजून सापडलं नाही. लोकप्रिय म्हणून सोडून दिलं.

भाऊ पाध्यांचंही तेच. वासूनाका १९६५ चं, अत्र्यांनी त्यावर आसूड ओढला, ती टीका आजही लोकांना तोंडपाठ. आणि वासूनाका? मुंबईतल्या नाक्यावरच्या पोरांची ती भाषा, ती टगेगिरी, त्यातलं रिकामपण. अत्र्यांचं वाक्य सांगणाऱ्या दहा जणांत एकाने ते पुस्तक वाचलेलं असलं तरी पुष्कळ.

---

खडूफळा

मी निवृत्त शिक्षक. मराठीच शिकवलं. संमेलनाबद्दल लिहितो कारण त्यावरून लोक फार लवकर दुखावतात.

संमेलनाला शिव्या देणारे नेमाडे पहिले नव्हेत. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी ग्रंथकारांची सभा भरवली. पुढच्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं तेव्हा १८८५ मध्ये त्यांनी पत्र लिहून साफ नकार दिला, आणि त्यात 'घालमोड्या दादा' हा शब्द वापरला. जे लोक माणसाला माणसाचे हक्क देत नाहीत त्यांच्या सभेत आमचं काय काम, असा त्याचा रोख. १९८१ साली मुंबईत समांतर संमेलन झालं, त्याच्या अध्यक्ष मालतीबाई बेडेकर, वर ज्यांचा उल्लेख आला त्याच. म्हणजे मांडवाबाहेर उभं राहून बोलायची मराठीत मोठी परंपरा आहे. फुल्यांच्या नकाराला कारण होतं आणि ते पत्रात लिहिलेलं आहे. नेमाड्यांच्या नकारालाही कारण आहे, ते देशीवादावरच्या, म्हणजे साहित्य आपल्याच भाषेत नि मातीत रुजलेलं हवं या विचारावरच्या, त्यांच्या लिखाणात सापडतं. पेपरात मात्र एक शब्द येतो, कारण येत नाही.

वर्गात मी एक करायचो. नेमाड्यांचा 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' हा लेख मुलांना लेखकाचं नाव न सांगता वाचून दाखवायचो. मुलं खूष व्हायची, सर कोणी लिहिलंय, एकदम बरोबर आहे. मग नाव सांगितलं की वर्ग दोन भागांत फुटायचा. अर्धे म्हणायचे वाटलंच होतं. उरलेल्यांचा चेहरा पडायचा. मजकूर तोच, पाच मिनिटांपूर्वीचाच. दरवर्षी हेच झालं, आणि दरवर्षी मला तितकंच वाईट वाटलं.

---

कडूलिंब

@खडूफळा सर, फारच मोलाचं लिहिलंत. पण एक प्रश्न, त्याच लेखातला लेखकराव आज नेमाड्यांना लागू होत नाही का? पद्मश्री, ज्ञानपीठ, मागे शिष्यांचा गोतावळा, शब्द पडायचा अवकाश की बातमी. इंग्रजी शाळा बंद करा म्हणायचं आणि आयुष्यभर इंग्रजी शिकवायचं, लंडनलासुद्धा शिकवून यायचं, हे सामान्य माणसाला कसं पटावं?

---

खडूफळा

लेखकराव होण्याची शंका रास्त आहे, मी तिला नाही म्हणणार नाही. इंग्रजीचं मात्र मला उलट वाटतं. जो माणूस इंग्रजी शिकवून निवृत्त झाला त्याला इंग्रजीने वर्गात काय होतं हे आपल्यापेक्षा जास्त दिसलं असेल. मी स्वतः इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तीन वर्षं मराठी शिकवलं. पाचवीतला मुलगा आजीबद्दल निबंध लिहिताना रडला होता, कारण आजी मराठीत होती आणि निबंध इंग्रजीत. शाळा बंद करा हे मला टोकाचं वाटतं. पण त्या मुलाला मी विसरू शकलेलो नाही. असं टोकाचं वाक्य आलं की त्याच्या मागे असा एखादा मुलगा असेल का, हे बघायची सवय लागली मला.

---

अबोलीचं झाड

हे वाचून गलबलून आलं सर.

---

पायरीवर

इतके दिवस नुसता वाचत होतो, आज अकाउंट काढलं. कोसला मी कॉलेजात चाळीस पानांवर सोडली होती, तेव्हा सगळे वाचतात म्हणून घेतली आणि काहीच घडत नाही म्हणून ठेवली. नंतर नेमाडे टीव्हीवर दिसले की मला बरं वाटायचं, बरं झालं वाचली नाही ते. म्हणजे सांजवारा ताईंनी लिहिलंय तो वाचक मीच.

अबोलीताईंचा प्रतिसाद वाचून परवा पुन्हा काढली. काल रात्री मनीपर्यंत आलो. माझी बहीण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे. ठीक आहे, नोकरी करते, काही झालेलं नाही तिला. पण तेवढी पानं झाल्यावर मी उठून तिला मेसेज केला, जागी आहेस का. तिने विचारलं काय झालं. मी लिहिलं काही नाही वगैरे. पाठवल्यावर लक्षात आलं काय लिहिलंय ते.

---

सांजवारा

@पायरीवर, तुमच्या प्रतिसादावर काय लिहू कळत नाहीये, म्हणून नुसतं वाचलं असं सांगते.

सगळ्यांचे आभार. गटाला मी कालच कळवलंय, येत्या बैठकीला पुन्हा नेमाडेच, पण प्रत्येकाने एक पान निवडून आणायचं आणि मोठ्याने वाचायचं, मग काय भांडायचं ते त्या पानावर भांडू. उठून गेलेले काका पण येतो म्हणालेत. त्यांच्या बिढार, जरीला, झूल या कादंबऱ्या मी वाटून दिल्यात, त्या कुणी काढतच नाही. कडूलिंब म्हणतात ते डोक्यात ठेवून एकाला जी. एं.ची कथा दिलीय, शेजारी शेजारी ऐकायला. हिंदूमधलं कुठलं पान घ्यावं ते मात्र ठरत नाहीये, सुचवा.

---

केळीबाग

वडिलांना विचारलं. ते म्हणाले एक पान नको, सुरुवातीचं खोदकामावरचं घ्या आणि तो गावाकडे निघतो तिथपर्यंत वाचा, वेळ लागला तर लागू दे. आणि लायब्ररीची प्रत असेल तर चिकटलेली पानं आधी सोडवून ठेवा, वाचताना अडायला नको.